मोजक्या कॉर्डांची साथ

पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला एक पारशी मुलगा पुढे फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगविख्यात झाला. त्याच्या आवाजाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही येथे विचार करणार आहोत तो त्याच्या गिटारवादनाचा. गिटार त्याला बेताचीच येत होती, आणि तरीही त्याचे एक अत्यंत गाजलेले गीत गिटारवरच जन्माला आले. ही विसंगती नीट उलगडली तर आपल्या धर्मग्रामांतील गायनवृंदांनाही तिच्यातून काही घेता येईल, असे आम्हांस वाटते.

फारोख बलसारा हे त्याचे मूळ नाव. त्याचा जन्म 5 सप्टेंबर 1946 रोजी झांझिबार येथे झाला. वयाच्या आठव्या वर्षी आईवडिलांनी त्याला शिक्षणासाठी पाचगणीच्या वसतिगृहात धाडले. अँग्लिकन परंपरेच्या या शाळेत तो पियानो शिकला आणि चौथ्या श्रेणीपर्यंतच्या परीक्षा उत्तीर्ण झाला. 1958 मध्ये त्याने चार मित्रांसह ‘द हेक्टिक्स’ हा वाद्यवृंद उभा केला. लिटल रिचर्ड, क्लिफ रिचर्ड यांची त्या काळची रॉक अँड रोल गाणी ही मुले वाजवीत. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या वृंदाचा मुख्य गायक दुसराच मुलगा होता. फ्रेडी पियानोवर बसून त्याला साथ करी. ज्याच्या आवाजाने पुढे मोठमोठी मैदाने भारली गेली, त्याने पहिला धडा गिरवला तो दुसऱ्याच्या गाण्याला आधार देण्याचा.

1964 मध्ये झांझिबारात क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब इंग्लंडला गेले. 1970 मध्ये ‘क्वीन’ हा वाद्यवृंद स्थापन झाला. 1973 साली निघालेल्या त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत प्रभू येशूवरील एक गीत आहे, आणि ते या पारशी तरुणाने रचले आहे, हे आपल्या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक नसेल. क्वीनमध्ये गिटारची धुरा ब्रायन मे या असामान्य वादकाकडे होती. फ्रेडी गात असे आणि पियानो वाजवीत असे.

1979 मध्ये हा वृंद ध्वनिमुद्रणासाठी जर्मनीतील म्युनिक शहरी गेला. तेथील हॉटेलात स्नान करीत असताना फ्रेडीला ‘क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह’ ही चाल सुचली आणि पाचदहा मिनिटांत गीत आकाराला आले. ते त्याने पियानोवर न बांधता गिटारवर बांधले. आपल्याला गिटार वाजवता येत नाही, मोजक्याच कॉर्डा ठाऊक असल्याने आपल्यावर मर्यादा पडली, आणि ती मर्यादाच गाण्याच्या पथ्यावर पडली, अशा आशयाचे त्याने नंतर सांगितले. ध्वनिमुद्रणातील साथीची गिटार त्यानेच वाजवली. मधला एकल तुकडा अर्थातच मे यांचा. 1980 च्या फेब्रुवारीत हे गीत अमेरिकेतील विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले.

या गीताचा ढंग एल्विस प्रेस्लीचा होता. एल्विसचे निधन 16 ऑगस्ट 1977 रोजी झाले होते, त्याला तेव्हा जेमतेम दोन वर्षे होत होती. एल्विसच्या गळ्यात सदैव गिटार दिसे. म्हणून ती केवळ शोभेची वस्तू होती, असा एक समज आहे. इतिहास काही निराळे सांगतो. मिसिसिपी राज्यातील ट्युपेलो गावी, 1946 साली, अकराव्या वाढदिवसाच्या सुमारास आईने त्याला गिटार घेऊन दिली. पहिल्या कॉर्डा त्याला नातेवाइकांनी आणि चर्चचे तरुण पाळक फ्रँक स्मिथ यांनी शिकवल्या. जुलै 1954 मध्ये मेम्फिसच्या सन स्टुडिओत त्याचे पहिले गाजलेले गीत मुद्रित झाले, तेव्हा साथीला स्कॉटी मूर यांची गिटार आणि बिल ब्लॅक यांचा डबल बास एवढेच होते. ड्रम नव्हताच. त्याची उणीव एल्विसच्या उजव्या हाताने भरून काढली. ‘ऑल शुक अप’ या 1957 च्या गीतात तर तो गिटारच्या पाठीवर थाप देऊन ताल धरताना ऐकू येतो. वेगवान तानांत तो मूर यांच्या पासंगालाही पुरला नसता. पण त्याची लय पक्की होती आणि गाण्याला नेमके काय हवे ते त्याला उमगलेले होते.

मग वादक चांगला की सामान्य, हे ठरवावे कशावरून? वेळणेश्वर, गुहागर या पट्ट्यात ज्यांनी नमन-खेळे पाहिले आहेत, त्यांना याचे उत्तर ठाऊक आहे. मृदंग आणि झांज यांच्या आधारावर सारा खेळ पेलला जातो. मृदंगवाला स्वतःचीच करामत दाखवीत राहिला तर नाचणाऱ्यांची पावले चुकतील. साथीदाराचे मोठेपण खेळ रंगण्यात असते.

ख्रिस्तसभेचा विचारही याहून वेगळा नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी घोषित केलेल्या उपासनाविषयक संविधानात ऑर्गनला मानाचे स्थान दिले आणि उपासनेला साजेशा इतर वाद्यांनाही वाट मोकळी केली. पुढे 5 मार्च 1967 च्या संगीतविषयक निर्देशात साथीचा दंडक सांगितला गेला : वाद्यांनी गाणाऱ्यांच्या आवाजाला आधार द्यावा, मात्र शब्द ऐकू येणार नाहीत इतके त्यांना झाकून टाकू नये. त्यानंतरच्या काळात गिटार आपल्या मिस्सागायनात रुळली.

आज अनेक धर्मग्रामांत दोन गोष्टी घडताना दिसतात. कोठे ध्वनिवर्धकाला जोडलेली गिटार एवढी वरचढ होते की भाविक गाणे सोडून ऐकत उभे राहतात. कोठे चारच कॉर्डा येणारा मुलगा संकोचाने गिटार घरी ठेवून येतो, आणि गायनवृंद आधारावाचून राहतो. पहिल्याला 1967 चा तो निर्देश वाचून दाखवावा. दुसऱ्याला पाचगणीच्या त्या विद्यार्थ्याची गोष्ट सांगावी. मत्तयकृत शुभवर्तमानातील एका दासाला धनाचा सर्वांत लहान वाटा मिळाला होता. त्याच्यावर ठपका आला तो वाटा लहान म्हणून नव्हे, तर त्याने तो जमिनीत पुरून ठेवला म्हणून. येत्या रविवारी अशा एखाद्या मुलाला घरातल्या वडीलधाऱ्यांनीच गिटार घेऊन गायनवृंदाकडे पाठवावे. लय तेवढी त्याने सांभाळावी. गाण्याचे काम आपण सारे मिळून करू.