निवेदनाचा ताबा : मराठी रंगभूमी, मालिका आणि समलिंगी किशोरवयीन पात्र

दूरचित्रवाणीवरील समलिंगी किशोरवयीन पात्रांविषयी तरुण प्रेक्षक जी तक्रार करतो, तिची समीक्षेने पुरेशी दखल घेतलेली नाही. चाहत्याची नाराजी म्हणजे अभिरुचीचा प्रश्न, असे मानून ती बाजूस सारण्याची आपली रीत आहे. मुंबईच्या उपनगरांतील महाविद्यालयांत साहित्य शिकविताना मात्र ही नाराजी पुनःपुन्हा कानी येते आणि तिच्यात तीन आक्षेप स्पष्टपणे वेगळे करता येतात. असे पात्र हास्यविषय होते. तसे झाले नाही तर ते मरते. आणि दोन्ही टळले तर त्याची कथा त्याच्या आईची, पत्नीची अथवा मित्राची होऊन जाते. यांतील तिसरा आक्षेप मूलभूत आहे, अशी प्रस्तुत निबंधाची भूमिका आहे. प्रश्न पात्रांच्या संख्येचा नसून निवेदन कोणाच्या ताब्यात आहे, याचा आहे. आणि या प्रश्नाला मराठीत स्वतःचा इतिहास आहे.

या इतिहासातील महत्त्वाची संहिता म्हणजे विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट'. 1981 साली हे नाटक रंगभूमीवर आले, तेव्हा सुमित्रा देव ही भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली होती. स्वातंत्र्यपूर्व काळातील महाविद्यालयात शिकणारी मित्रा नाटकात पुरुषाची भूमिका करते, नायिका झालेल्या नमाच्या प्रेमात पडते आणि अखेर आत्महत्या करते. म्हणजे मृत्यूचा साचा येथेही आहे. परंतु ही गोष्ट सांगतो तो बापू, मित्राचा सहाध्यायी. तिच्याविषयी त्याला ओढ आहे, करुणा आहे आणि भयही आहे. तो तिला मदत करतो आणि निर्णायक क्षणी अपुरा पडतो. शीर्षकातील षष्ठी येथे विचारात घ्यावी लागते. गोष्ट मित्राची आहे, पण आपल्या हाती येते ती बापूची साक्ष. तेंडुलकरांचे सामर्थ्य असे, की या साक्षीचा अपुरेपणा ते झाकत नाहीत. मित्राच्या मृत्यूनंतर प्रेक्षकासमोर उरतो तो निवेदकाचा अपराधभाव. निवेदनाचा ताबा दुसऱ्याकडे असणे हा तेथे नाटकाचा आशयच आहे.

चेतन दातार यांच्या 'एक माधवबाग'मध्ये हा ताबा आईकडे येतो. मुलाची रोजनिशी तिच्या हाती पडते आणि तो समलिंगी असल्याचे तिला कळते. येथे मुलगा रंगमंचावर नाही, त्याचे शब्द मात्र आहेत. ते आईच्या मुखातून येतात आणि येताना आईलाच बदलत जातात. वाचन ही येथे नाट्यकृती होते. सचिन कुंडलकर यांच्या 'कोबाल्ट ब्लू' (2006) या कादंबरीने पुढचे पाऊल टाकले. घरी राहावयास आलेल्या एकाच तरुणावर प्रेम करणारी भावंडे, तनय आणि अनुजा, आपापला भाग स्वतः सांगतात. तनय कोणाच्या सहानुभूतीचा विषय होऊन येत नाही. तो बोलतो, रुसतो, आठवतो. मरण हा त्याच्या कथेचा अपरिहार्य शेवट नाही.

रंगभूमी आणि कादंबरी यांनी पंचवीस वर्षांत केलेला हा प्रवास मालिकेने का केला नाही? एक उत्तर दहशतीचे आहे. ज्या गोरेगावात 1977 पासून चित्रनगरी उभी आहे, त्याच गोरेगावातील सिनेमॅक्स चित्रपटगृहावर 2 डिसेंबर 1998 रोजी शिवसैनिकांनी हल्ला करून दीपा मेहता यांच्या 'फायर'चे प्रदर्शन बंद पाडले. निर्मितीचे स्थळ आणि निषेधाचे स्थळ एकच असणे, हे लेखकाच्या मनावर परिणाम केल्यावाचून राहत नाही. तरीही हे उत्तर पुरेसे नाही. 2 जुलै 2009 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे खाजगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला आणि 6 सप्टेंबर 2018 रोजी पुन्हा मुक्तता दिली. कायदा असा हेलकावे खात असताना निवेदनाची चौकट जवळपास स्थिर राहिली.

खरे कारण मालिकेच्या रूपबंधात शोधावे लागते. दैनंदिन मालिकेची कालगणना विवाहाने होते. विवाहापूर्वीचे वय ही तेथे केवळ प्रतीक्षा असते. म्हणून समलिंगी व्यक्ती तेथे किशोर म्हणून सहसा प्रवेश करीत नाही, पती म्हणून करते. 2010 मध्ये स्टार प्लसवर सुरू झालेल्या 'मर्यादा : लेकिन कब तक?' या हिंदी मालिकेतील गौरव विवाहित आहे. त्याचे करणवरील प्रेम दाखविण्याचे धाडस त्या मालिकेने केले, हे मान्य करावयास हवे. पण ते प्रेम कथानकात येते ते पत्नीपुढील पेच म्हणून. आंतरजालावरील मालिकांत चौकट सैल झाली, तरी 'मेड इन हेवन' (2019) मधील करणचे किशोरवय प्रौढ नायकाची पूर्वस्मृती म्हणूनच येते. 'क्लास' (2023) मध्ये ध्रुव आणि फारूक हे शालेय वयाचे आहेत खरे, परंतु ती मालिका 'एलिट' या स्पॅनिश मालिकेचे भारतीय रूप आहे. वर्तमानकाळात जगणारा समलिंगी किशोर आपल्याकडे येण्यास परक्या संहितेचा आधार लागावा, ही बाब सूचक आहे.

लेखकांची अडचण नाकारता येत नाही. 2012 च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने संमतीचे वय अठरा ठरविल्यानंतर किशोरवयीन प्रेम लिहिताना सावधगिरी आवश्यकच झाली. परंतु सावधगिरी शरीराच्या चित्रणाला लागू पडते, वाणीला नव्हे. सोळा वर्षांच्या मुलाला शृंगार नाकारता येईल. 'मी' म्हणण्याचा अधिकार नाकारण्याचे कारण नाही.

येथे उपनगरी घराचा विचार करावा लागतो. दोन खोल्यांच्या घरात दूरचित्रवाणी संच बाहेरच्या खोलीत असतो. मुलगा मालिका पाहतो ती आईच्या शेजारी बसून. मालिका आईशी बोलते, म्हणून ती आईच्या डोळ्यांनी पाहते. शेजारी बसलेला मुलगा स्वतःविषयीची चर्चा ऐकतो. त्याला उद्देशून कोणीच बोलत नाही. दातारांनी याच आईला वाचक केले होते. मालिका तिला न्यायाधीश करते. बापूच्या निवेदनातील अस्वस्थता गाळून केवळ त्याचा अधिकार उचलावा, तसे हे झाले आहे.

म्हणून चाहत्याच्या नाराजीचा अर्थ 'आम्हाला आदर्श पात्रे द्या' असा लावणे अन्यायाचे होईल. तो मागतो आहे ते निवेदनातील स्थान. दुसऱ्याने गोष्ट सांगावयाची असेल, तर सांगणाऱ्याची मर्यादा तरी दिसू द्यावी, ही तेंडुलकरांनी 1981 मध्येच पाळलेली अट आहे. ती पाळली न गेल्याचे मालिकांच्या समीक्षेआधी त्यांच्या तरुण प्रेक्षकाने ओळखले आहे.