जुना लॅपटॉप विज्ञानाच्या कामाला लावायचाय? आधी तो सर्व्हरशी जुळतो का, ते असं तपासा

घरात एखादा जुना लॅपटॉप पडून आहे? विकायला गेलात तर फार पैसे येणार नाहीत. पण इंटरनेट असेल, तर रत्नागिरीतल्या घरात बसून तो अवकाशातले पल्सार शोधायच्या कामाला लावता येतो. अडचण एकच. बऱ्याचदा प्रोग्राम इन्स्टॉल होतो, सर्व्हरशी संपर्कही होतो, पण काम एकही येत नाही. किंवा आठवडाभर मशीन चालतं आणि शेवटी उत्तरं बाद होतात. वीज जाते ती जातेच.

असं का होतं आणि आधीच कसं तपासायचं, ते समजून घेऊया.

हा प्रकार नेमका काय आहे?

एका मोठ्या गणिताचे हजारो तुकडे करायचे आणि ते जगभरातल्या लोकांच्या कॉम्प्युटरवर सोडवून घ्यायचे, याला डिस्ट्रिब्युटेड कॉम्प्युटिंग म्हणतात. तुकडे वाटतो तो सर्व्हर. तुमच्या मशीनवर बसून ते घेणारा आणि उत्तर परत पाठवणारा प्रोग्राम म्हणजे क्लायंट.

यासाठी सर्वात जास्त वापरली जाणारी मोफत प्रणाली म्हणजे 'बॉइंक'. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात २००२ मध्ये तिचं काम सुरू झालं. 'आइन्स्टाईन अ‍ॅट होम' हा प्रकल्प तिच्यावरच चालतो. तो फेब्रुवारी २००५ पासून सुरू आहे. ऑगस्ट २०१० मध्ये या प्रकल्पातून पहिला नवा पल्सार सापडल्याचं जाहीर झालं. तो सापडला होता अमेरिकेतल्या एका जोडप्याच्या आणि जर्मनीतल्या एका व्यक्तीच्या साध्या कॉम्प्युटरवर.

महाराष्ट्राशी याचा काय संबंध?

हा प्रकल्प अमेरिकेतल्या 'लायगो' वेधशाळेचा डेटाही तपासतो. फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांकडून अखंड येणाऱ्या गुरुत्वीय लहरी त्यात शोधल्या जातात. अशाच प्रकारची 'लायगो-इंडिया' वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. पुण्याची 'आयुका' ही संस्थाही या कामात आहे. म्हणजे हे सगळं आपल्यापासून फार लांबचं नाही.

जुळत नाही, म्हणजे कुठे अडतं?

क्लायंट काम मागतो तेव्हा सोबत स्वतःची माहिती पाठवतो. प्रोसेसर कुठला, ऑपरेटिंग सिस्टीम कुठली, रॅम किती, डिस्कवर जागा किती, क्लायंटची आवृत्ती कोणती. सर्व्हर ते पाहून ठरवतो. साधारण चार ठिकाणी गाडी अडते.

१. प्लॅटफॉर्म: तुमच्या प्रकारच्या मशीनसाठी प्रकल्पाने प्रोग्राम बनवलेलाच नसतो. ३२ बिटच्या जुन्या विंडोजवर हे होऊ शकतं. अँड्रॉइडसाठी बॉइंक आहे, आयफोनसाठी नाही.

२. आवृत्ती: सर्व्हर किमान आवृत्तीची अट घालू शकतो. त्याहून जुना क्लायंट असेल तर काम मिळत नाही.

३. सर्टिफिकेट: सुरक्षित जोडणीसाठी क्लायंटकडे विश्वासू सर्टिफिकेटची यादी असते. ३० सप्टेंबर २०२१ ला त्यातलं एक महत्त्वाचं मूळ सर्टिफिकेट संपलं आणि जगभरातल्या अनेक जुन्या उपकरणांना बऱ्याच साइट उघडेनाशा झाल्या. जुन्या लॅपटॉपमध्ये आणखी एक गंमत असते. मदरबोर्डवरचा छोटा गोल सेल संपला की घड्याळ मागे जातं, आणि चुकीच्या तारखेमुळे चांगलं सर्टिफिकेटही नाकारलं जातं.

४. रॅम आणि वेळ: कामाला लागणारी रॅम नसेल, किंवा मशीन मुदतीत काम संपवणार नाही असं दिसलं, तर सर्व्हर काम देत नाही.

सर्व्हरही तुमची परीक्षा घेतो

समजा काम मिळालं. तरी मशीनचं उत्तर बरोबर आहे कशावरून? गरम झालेला प्रोसेसर किंवा खराब रॅम चुकीचं उत्तर देऊ शकते, आणि ते दिसायला अगदी खरं वाटतं. म्हणून बरेच प्रकल्प तेच काम दोन अनोळखी लोकांच्या मशीनला देतात आणि उत्तरं ताडून पाहतात. वेगवेगळ्या प्रोसेसरवर दशांश चिन्हानंतरच्या शेवटच्या आकड्यांत थोडा फरक पडतो, तेवढा चालतो. जास्त फरक असेल तर तिसऱ्या मशीनला काम जातं. उत्तर न देणारं मशीन फक्त वेळ घालवतं. चुकीचं उत्तर देणारं मशीन दुसऱ्यांनाही कामाला लावतं.

घरच्या घरी चाचणी कशी करायची?

• क्लायंट अधिकृत साइटवरूनच घ्या, ताजी आवृत्ती घ्या. मशीनची तारीख आणि वेळ तपासा.

• प्रकल्प जोडल्यावर क्लायंटमधला 'इव्हेंट लॉग' वाचा. काम का मिळालं नाही, याचं कारण बहुतेक वेळा तिथेच लिहिलेलं असतं.

• पहिलं काम आलं की 'नो न्यू टास्क्स' दाबा. एकच काम पूर्ण होऊ द्या.

• रत्नागिरीच्या पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही. म्हणून काम अर्धं झाल्यावर लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करा. टक्केवारी जवळपास तिथूनच पुढे गेली, तर काम मध्येमध्ये सेव्ह होतंय. पुन्हा शून्यावर आली, तर ते काम या मशीनसाठी नाही.

• पंख्यातली धूळ काढा. मशीन फार तापत असेल तर सेटिंगमध्ये प्रोसेसरचा वापर कमी करा.

• शेवटी प्रकल्पाच्या साइटवर तुमच्या खात्यात निकाल पाहा. 'व्हॅलिडेटेड' दिसलं तरच चाचणी पास. काम 'पूर्ण' झालं म्हणजे उत्तर मान्य झालं असं नाही. जोडीदार मशीनचं उत्तर यायला काही दिवस लागू शकतात, तेवढं थांबा.

आणि हो, ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या कॉम्प्युटरवर परवानगीशिवाय हे करू नका. वीजबिल त्यांचं असतं.

थोडक्यात, संपर्क झाला म्हणजे मशीन जुळलं असं नाही. एक काम घ्या, ते मान्य होऊ द्या, मगच लॅपटॉप रात्रभर चालू ठेवा.