पहिली गाडी कोणती

आमच्या घरात पहिली गाडी कोणती, यावर आजही एकमत नाही. बाबा लुना म्हणतात. काका सायकलीवर अडून बसतात. आबाजी होते तोवर ते दोघांनाही गप्प करायचे. त्यांच्या लेखी बंडी हीच गाडी, बाकी सगळी खेळणी. आणि आत्या दर भाऊबीजेला माहेरी येऊन तिघांचंही खोडून काढायची. तिचं म्हणणं अगदीच वेगळं होतं.

माझ्यापुरतं विचाराल तर पहिली गाडी लाकडी नंदीची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरांचा तान्हा पोळा भरतो. नंदीला चार चाकं, गळ्यात घुंगरू, ओढायला सुतळी. तो सजवून घरोघर न्यायचा आणि हातावर पडेल तो बोजारा घ्यायचा. आमचा नंदी सुतारानं बंडीच्या उरलेल्या सागवानातून करून दिला होता, मजुरी धानाची. त्याचं एक चाक आखडायचं, म्हणून तो सरळ न जाता डावीकडे ओढायचा आणि नेमका नालीत जायचा. त्याआधी महिनाभर, जिवतीच्या अवसेपासून, गेड्यांचे दिवस. दोन बांबू, पाय ठेवायला आडवे तुकडे, आणि खाली झाडीतला तो चिकट चिखल. माझ्या भावाचे समोरचे दोन दात गेडीवरून पडून गेले. दुधाचे होते, म्हणून आजीनं फार मनावर घेतलं नाही. मारबत निघाली की त्याच गर्दीत गेड्या गावाच्या शिवेवर टाकून यायच्या.

बंडीचं मात्र वर्षभर काम. शेणखत बांधीत, धान खळ्यावर, लाकूड जंगलातून घरी. लाकडी चाकाला लोखंडी धाव, आसाला वंगण. ते वाळलं की बंडी अशी कुरकुरायची की आजी घरात बसून सांगायची, आपली बंडी वळणावर आली. दिवाळी झाली की हीच बंडी धुऊन, तणस अंथरून मंडईला निघायची. भाऊबीजेनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, पाहुणे, दंडार, आणि रात्री नाटक. नाटक उजाडेपर्यंत चालतं. त्यामुळे पोरांची झोप बंडीतच. एकटी बंडी रात्री कोणी काढत नसे. वाघाची भीती खरी होती, म्हणून पाच-सहा बंड्या एकामागे एक, पुढच्या बंडीला कंदील.

काका सहा वर्षांचे असताना तळोधीच्या मंडईला असेच गेले. मध्यरात्री उठून लघवीला उतरले, परत आले आणि दिसली त्या बंडीत चढून झोपले. अंधारात सगळ्या बंड्या सारख्या, सगळ्यांत तणस, सगळ्यांत पोरं. पहाटे नाटक सुटलं, बंड्या जुंपल्या. आजीला वाटलं पोरगा मोठ्या काकूच्या बंडीत आहे, काकूला वाटलं आजीच्या. इकडे काका जागे झाले ते भलत्याच गावात. तिथल्या बाईनं पोरं मोजली तर एक जास्त. "कोनाचा पोट्टा होय गा हा?" तिनं नवऱ्याला विचारलं. काकांना बाबाचं नाव सांगता येईना. आबाजींना घरात कोणी नावानं हाक मारतच नसे. बैलांची नावं मात्र त्यांना पाठ होती. ती सांगितली आणि स्टेशनाजवळ घर आहे एवढं सांगितलं. तेवढ्यावर त्या माणसानं नागभीड ओळखलं, गूळ-पोहे खाऊ घातले आणि बैल बदलून दुपारपर्यंत पोरगा घरी आणून सोडला. तोवर आबाजी तळोधीच्या रस्त्यानं दोनदा जाऊन आले होते. एक वेळ ते ओढ्याकाठी पगमार्क पाहत बसले होते, हे त्यांनी आजीला पुढे कितीतरी वर्षं सांगितलं नाही. काका ही गोष्ट हसत सांगतात. आबाजींनी ती हसून सांगितलेली मी कधी ऐकली नाही.

स्टेशनामुळे नागभीड ओळखलं जायचं, ते खरंच. 1908 साली बंगाल-नागपूर रेल्वेची छोटी लाइन आमच्या गावापर्यंत आली. रुळांमधलं अंतर अडीच फूट. एक फाटा ब्रह्मपुरी, वडसा करत गोंदियाला, एक उमरेड, भिवापूरवरून नागपूरला, आणि पुढे चांदा फोर्टकडे. वनातलं लाकूड, बांबू आणि धान बाहेर न्यायला ती कामाची होती. माणसं त्यात बसली. आज नाटक कंपन्यांचं माहेरघर म्हणवणारं वडसा त्याच मार्गावर आहे. नागपूर शंभर-सव्वाशे किलोमीटर, पण गाडीला चार-पाच तास सहज लागायचे. चढावर ती इतकी हळू व्हायची की पोरं उतरून पळत परत चढायची. वाफेच्या इंजिनाच्या काळात खिडकीतून डोकं काढलं की डोळ्यात कोळशाचा कण ठरलेला. आत्याच्या मुलाच्या डोळ्यातला कण आजीनं लुगड्याच्या पदराच्या टोकानं काढला होता, आणि तो रडला म्हणून वरून एक धपाटा दिला होता.

सायकल काकांनी आणली, सेकंडहँड, दांडा उंच. घरातले सगळे पोट्टे तिच्यावर कैची शिकले. मी पाच वर्षांचा असताना मागच्या कॅरिअरवर बसून काकांसोबत बाजाराला निघालो आणि टाच चाकाच्या आऱ्यांत गेली. झाडीत माझ्या वयाचे जे पुरुष आहेत त्यांतल्या निम्म्यांच्या टाचेवर तशी खूण सापडेल. आकडा माझा नाही, अंदाज आहे. आजीनं हळद दाबली आणि काकांना आठवडाभर बोलली नाही.

लुनाचा इतिहास जरा वेगळा, कारण ती धानातून आली. नागभीड तालुक्यातल्याच नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांना 1983 च्या सुमारास पटेल 3 जातीच्या धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या ठेवल्या, पेरल्या, पुन्हा निवडल्या. दाणा बारीक, भात चवीला चांगला. तेव्हा मनगटावर एचएमटी घड्याळ असणं म्हणजे मोठी गोष्ट, म्हणून धानालाही ते नाव पडलं. थोड्याशा जमिनीचा मालक असलेल्या या माणसाचं बियाणं जिल्ह्याबाहेर, राज्याबाहेर गेलं. 2018 च्या जूनमध्ये ते वारले तेव्हा पेपरांनी पुन्हा लिहिलं. बाबांनी ते धान लावलं आणि दोन हंगामांच्या पैशात जुनी लुना घेतली. 50 सीसीची ती गाडी बाबा पेडल मारत सुरू करायचे तेव्हा आबाजी ओट्यावरून विचारायचे, "सायकल होय का गाडी होय?" दसऱ्याला बंडीसोबत लुनाचीही पूजा झाली. पहिल्याच पावसाळ्यात बाबा धानाच्या पोत्यासकट बोडीत गेले. पोतं आधी काढलं, मग लुना. बाबा स्वतःच निघाले.

आता आत्याचं म्हणणं. लग्न होऊन ती भिवापूरला गेली. सुरुवातीला तिला दिवाळीला आणायला आबाजी जायचे, पोचवायला तिकडून कोणी यायचं. माणूस मोकळा नसेल तर ती सणाला राहून जायची. एकदा धान कापणी लांबली, दोन्हीकडचे पुरुष बांधीत अडकले. आत्यानं सासूला विचारलं, सासूनं थोडा वेळ घेतला आणि हो म्हटलं. गाडीत गावचीच चार माणसं असतात, नागभीडला उतरलं की घर समोर, भ्यायचं काय? कडेवर पोरगा, हातात पिशवी आणि पुठ्ठ्याचं तिकीट. त्यानंतर तिची एकही भाऊबीज चुकली नाही. तिचा मुद्दा सरळ आहे. बंडी आबाजींची, सायकल काकांची, लुना बाबांची. तिला त्यांवर बसवून नेणारा लागायचा. रेल्वेला तो लागला नाही. "मग माही गाडी कोणती?" असं ती विचारते तेव्हा बाबा सुपारी कातरत बसतात.

गोंदियापासून चांदा फोर्टकडे जाणारी लाइन 1990 च्या दशकात मोठी झाली. नागपूरची तेवढी छोटीच राहिली, म्हणून नागभीडला बरीच वर्षं दोन्ही मापांचे रूळ होते. नोव्हेंबर 2019 मध्ये रुंदीकरणासाठी छोटी गाडी बंद झाली. त्या वर्षीची भाऊबीज होऊन महिनाही झाला नव्हता. पुढच्या वर्षांत आत्याला आणायला माझा मुलगा मोटरसायकल घेऊन गेला. ती मागे बसली, पण तळहात सबंध रस्ताभर कॅरिअरला आवळून. वाटेत जंगलाच्या पट्ट्यात वाघाची सूचना देणारी पाटी दिसली तेव्हा तिनं त्याला गाडी हळू करायला लावली नाही, जोरात काढायला लावली.

घरी आल्यावर रुंदीकरणाचं बोलणं निघालं. बाबांनी सांगितलं, आता मोठी गाडी येईल, वेगात नागपूरला नेईल. आत्यानं चहाची बशी खाली ठेवली. "वेगाचं राहू दे गा," ती म्हणाली, "ते भिवापूरले थांबन का, ते सांग."