पाचर

वैशाख सरत आला आणि पावसाळ्याची बेगमी सुरू झाली, की पुण्यातील आमच्या वाड्याच्या चौकात वखारीतून बैलगाडीने आलेले बाभळीचे आणि धावड्याचे ओंडके येऊन पडत. आणि दुसऱ्या दिवशी पुरते उजाडण्यापूर्वी खांद्यावर कुऱ्हाड, हातात घण आणि जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेल्या चार-पाच लोखंडी पाचरी असे साहित्य घेऊन दोन माणसे दिंडीदरवाजाशी उभी राहत. ती आल्याबरोबर घाव घालीत नसत. त्यांतील वयोवृद्ध माणूस प्रत्येक ओंडका उभा करून त्याचे कापलेले तोंड न्याहाळी, उन्हाने पडलेल्या तड्यांवरून बोट फिरवी, गाठ कोणत्या बाजूस आहे हे पाही, आणि मग ज्या तड्याची रेषा गाठीस टाळून जाते त्या तड्यात पाचरीची धार ठेवून, ती लाकडात रुतून उभी राहीपर्यंत घणाने हलके ठोके देई. पाचर धरून बसली की पूर्ण ताकदीचा घण पडे; फट वाढली की दुसरी पाचर तिच्या पुढे बसे, पहिली आपोआप सैल होऊन हाती येई, आणि अखेरीस कोरड्या, दीर्घ आवाजासह ओंडका दुभंगे.

कुऱ्हाड लाकडाचे तंतू तोडते. पाचर त्या तंतूंना केवळ एकमेकांपासून अलग करते. लाकडाचे सारे सामर्थ्य त्याच्या लांबीच्या दिशेने असते. तंतूंना परस्परांशी बांधणारे बल त्यामानाने फार थोडे असते, आणि पाचरीचा उतार घणाचा वरून आलेला आघात आडव्या दाबात पालटून नेमका त्याच दुर्बल जागी नेऊन पोचवतो. चीर एकदा चालू झाली की ती पाचरीच्या धारेच्या पुढे धावते. धार बोथट झाली तरी म्हणूनच काम अडत नाही. मात्र गाठीपाशी तंतू वळलेले आणि एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे तेथे हा न्याय चालत नाही, आणि बाभळीचा गाठाळ बुंधा बलदंड माणसासही घाम फोडतो.

ही विद्या किती जुनी आहे याची एक साक्ष पंचतंत्रात आहे. मित्रभेदाच्या आरंभीच्या कथेत सुतार अर्धवट चिरलेल्या लाकडात खैराची पाचर ठोकून जेवावयास जातात, आणि ती उपटणाऱ्या माकडाचा प्राण जातो. आपण बालपणापासून या गोष्टीचे तात्पर्य तेवढे शिकलो. मला मात्र त्यातील खैर हा शब्द मोलाचा वाटतो. पाचरीचे लाकूड फोडावयाच्या लाकडाहून कठीण हवे, हा कारागिराचा अनुभव कथाकाराने ओझरत्या उल्लेखात जतन केला आहे.

राज्यकर्त्यांचे लक्ष लाकडावर फार पूर्वीपासून होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी झाडे तोडताना आंबा, फणस यांसारख्या रयतेने लेकराप्रमाणे वाढवलेल्या झाडांस तिच्या राजीखुशीशिवाय हात लावू नये, अशी ताकीद आहे. इंग्रजी अमलात 1847 साली मुंबई इलाख्यात डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची वनरक्षक म्हणून नेमणूक झाली, आणि 1878 च्या कायद्याने राखीव, संरक्षित व ग्रामवने अशा प्रती ठरल्या. कालपर्यंत हक्काने सरपण आणणाऱ्या माणसास परवाना दाखवावा लागू लागला. जोतीराव फुले यांनी 1883 साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जंगलखात्याविषयी जो संताप आहे, त्याचे मूळ या दुःखात आहे.

परंतु लाकूड कोणाचे, या प्रश्नाइतकाच ते कोणाच्या हाताने फुटे हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. शहरात वखारवाला मजुरी देई. खेड्यात चावडीचे आणि मुक्कामास आलेल्या अंमलदाराचे जळण फोडणे हे महार वतनदारांच्या अहोरात्र चाकरीपैकी एक काम होते, आणि त्याच्या बदल्यात मिळणारी वतनाची तुटपुंजी जमीन व बलुते यांच्या जोरावर त्यांना वाटेल तेव्हा बोलावले जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते ही बिगार मोडण्यासाठीच. पण ही वतने कायद्याने नष्ट व्हावयास 1958 साल उजाडावे लागले. ज्या घणाच्या आवाजाची मी प्रेमाने आठवण काढतो, तोच आवाज दुसऱ्या कोणाच्या कानात वेठीचा असेल, ही जाणीव मला फार उशिरा झाली, याची खंत वाटते.

लाकूड फोडण्याच्या आजच्या यंत्राकडे मी आदराने पाहतो ते या कारणाने. बंद द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांस सारखा पसरतो, हा पास्कालचा सिद्धांत. त्यावर जोसेफ ब्रामाने 1795 साली इंग्लंडात दाबयंत्राचे पेटंट घेतले, आणि लाकूडफोडीचे द्रवदाब यंत्र त्याच कुळातले. चार इंच व्यासाच्या दट्ट्यावर दर चौरस इंचास 2500 पौंड दाब दिला, तर सुमारे 14 टनांचा रेटा मिळतो. असे यंत्र घेणाऱ्याने किंवा बांधून घेणाऱ्याने इंजिनाच्या अश्वशक्तीवर भाळू नये. आपल्या भागातले लाकूड सरळ तंतूचे की गाठाळ, हे आधी पाहावे. पंप दुहेरी घ्यावा, म्हणजे दट्ट्या मोकळा असताना वेगाने सरकतो आणि लाकूड अडले की सावकाश पण जोराने रेटतो. आणि ज्या तुळईवर हा सारा भार येतो तिच्या पोलादात काटकसर करू नये. दट्ट्याच्या समोर, किंवा काही यंत्रांत त्याच्याच टोकावर, जी वस्तू बसवलेली असते, ती मात्र तीच पाचर आहे.

वाड्यातल्या त्या पाचरींपैकी एक माझ्यापाशी आहे. हजारो घाव खाऊन तिचे डोके झेंडूसारखे पसरले आहे, आणि त्या पसरलेल्या कडेवर जागोजाग कानशीचे ओरखडे दिसतात. कारण घणाखाली अशी कड तुटून तिची कपची डोळ्यात जाते, म्हणून तो वृद्ध माणूस दर सकाळी काम सुरू करण्यापूर्वी पायरीवर बसून ती घासून काढीत असे, आणि तोवर आम्हा मुलांना चौकात उतरू देत नसे.