तलवारीचे पोलाद कोणाचे?



नांदेडकरांना तलवारीची ओळख करून द्यावी लागत नाही. ऑक्टोबर १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग यांनी येथेच देह ठेवला. महाराजा रणजितसिंग यांच्या काळात उभारलेल्या सचखंड गुरुद्वाऱ्यात त्यांची म्हणून जतन केलेली शस्त्रे आपण पाहतो आणि हात जोडतो. मी कामगारांत वावरलेला माणूस. इतिहासाची पदवी माझ्यापाशी नाही. तलवार पाहिली की ती कोणी चालविली याआधी ती कोणी घडविली, हा प्रश्न माझ्या मनात येतो.

जशी लढण्याची रीत, तशी तलवार. घोडा दौडवीत वार करणाऱ्या इराणी स्वाराची शमशेर खूप वाकलेली. सतराव्या शतकातील युरोपी पाते सरळ, भोसकण्याच्या सोयीचे. जपानी कटाना किंचित वाकलेली, दोन्ही हातांनी धरावयाची. आपल्याकडे रुंद, सरळ खांडा, हात झाकणाऱ्या पोलादी खोबणीचा पट्टा आणि फिरंगी. फिरंगी म्हणजे पाते युरोपचे, मूठ इथल्या कारागिराची. रघुजी भोसल्यांची जी तलवार महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून परत मिळविली, ती याच जातीची.

पाती बाहेरून येत होती; मग इथून काय जात होते? इथून पोलाद जात होते!

आपल्या नांदेडला लागूनच निजामाबाद जिल्हा आहे. १९५६ पर्यंत आपण एकाच हैदराबाद राज्यात होतो. तेथील कोनसमुद्रम गावी लोखंड मातीच्या मुशीत घालीत, तोंड लिंपून बंद करीत, अहोरात्र भाता चालवून ते वितळवीत आणि सावकाश निववीत. मुशीतून निघे ती पोलादाची लहानशी लगड. तिच्यासाठी इराणातील इस्फहानचे व्यापारी इतका प्रवास करून येत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हेन्री व्हॉयसी या भूगर्भ-अभ्यासकाने हे काम पाहून टिपून ठेवले आहे.

अशा पोलादाच्या पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उमटे. जगाने तिला नाव दिले दमास्कसचे. १८१९ मध्ये मायकेल फॅरेडे याने हिंदी पोलादाचे पृथक्करण केले. हा फॅरेडे लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला! आज आपल्याला ठाऊक आहे की, या पोलादात सुमारे दीड टक्का कर्ब असे, आणि खनिजातील व्हॅनेडियमसारख्या धातूंचा अत्यल्प अंशही त्या नक्षीला कारण होत असावा.

आता नावांचा हिशेब पाहू. जपानी लोहार मुठीत दडणाऱ्या भागावर आपले नाव कोरी. जर्मनीतील सोलिंगेनच्या पात्यांवर धावत्या लांडग्याची खूण असे. तेथील कारागिरांचे संघ पंधराव्या शतकापासूनचे. इस्फहानच्या असदुल्लाचे नाव तर इतके गाजले की, ते इतरांच्या पात्यांवरही कोरले जाऊ लागले. मालकाची नावे सोन्याच्या अक्षरांत येत. मुशीपाशी अहोरात्र बसणाऱ्यांचे नाव मात्र कोणत्याच पात्यावर नाही.

पुढे तलवारीचेच दिवस गेले. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरच्या लढाईत इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याने मोठी कामगिरी बजावली, तेव्हाच वारे कळले होते. १८५६ नंतर बेसेमरच्या रीतीने विलायतेत पोलाद टनांनी निघू लागले आणि मुशीची लगड महाग ठरली. सोलिंगेनने सुऱ्या-कात्र्या धरल्या आणि ते गाव आजही पाती घडविते. कोनसमुद्रमच्या भट्ट्या थंड पडल्या. कृती व्हॉयसीच्या कागदावर राहिली. ती जाणणारे हात राहिले नाहीत.

रघुजींची तलवार परत आली, उत्तम झाले. या मुशीवाल्यांचे परत आणण्याजोगे एकच उरले आहे, ते म्हणजे श्रेय. त्यासाठी लंडनला जाऊन बोली लावावी लागत नाही.