पंढरपूरची पटकी आणि शरीरातील पोटॅशियम

सोलापूर जिल्ह्याच्या सार्वजनिक आरोग्याचा इतिहास पंढरपूरची आषाढी वारी बाजूला ठेवून लिहिता येत नाही. १८१७ साली बंगालमधील जेसोर भागात उसळलेली पटकी, म्हणजे कॉलरा, १८१८च्या पावसाळ्यात दख्खनमध्ये पोहोचली, आणि एकाच नदीपात्रात स्नान करणारा व त्याच पात्रातले पाणी पिणारा यात्रेकरूंचा प्रचंड समुदाय तिच्या तावडीत सापडला. गावोगावच्या लोकांनी हा मरीआईचा कोप मानला व तिचा गाडा शिवेबाहेर नेऊन पोचवण्याची रीत पाळली. १८६० साली सोलापुरात आगगाडी आली, १९०६ साली बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद मार्ग पंढरपूरपर्यंत गेला, आणि यात्रेत लागलेला आजार परतणाऱ्या माणसांबरोबर दूरवरच्या गावांत पूर्वीपेक्षा कितीतरी लवकर पोहोचू लागला.

इंग्रज सरकारचे सारे लक्ष गर्दी, पाणी आणि स्वच्छता यांवर होते. १८९०च्या दशकात जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांची पटकीवरील लस आली आणि दुसरे जंतुशास्त्रज्ञ हँकिन यांच्या शिफारशीने विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याची पद्धत देशभर रूढ झाली. हे उपाय आवश्यकच होते. मात्र आजार जडलेल्या माणसाच्या शरीरातून नेमके काय निघून जाते आणि ते कसे भरून काढायचे, या प्रश्नाचे पूर्ण उत्तर त्यांत नव्हते.

ते उत्तर तुकड्यातुकड्यांनी मिळाले. पटकीच्या रोग्याचे रक्त दाट होते व त्यातील पाणी, मीठ आणि अल्क घटतात, हे पुढे हिंदुस्थानात तारायंत्राचे जाळे उभारणाऱ्या ओशॉनेसी यांनी १८३१-३२ मध्ये दाखवले; त्यावरून १८३२ साली लॅटा नावाच्या डॉक्टरांनी स्कॉटलंडमध्ये शिरेतून मिठाचे पाणी दिले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी कलकत्त्यात डॉ. लिओनार्ड रॉजर्स यांनी तीव्र मिठाचे द्रावण वापरून मृत्यूचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटवले. तरीही भर मुख्यतः मिठावरच राहिला.

पोटॅशियम हा क्षार मागे पडण्याचे एक कारण शरीराच्या रचनेतच आहे. शरीरातील सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते, आणि रक्तद्रवात ते लिटरमागे अवघे ३.५ ते ५ मिलिमोल (मिलिमोल हे क्षार मोजण्याचे एकक) आढळते. पटकीच्या जुलाबातून प्रौढ माणूस लिटरमागे साधारण १५ ते २० मिलिमोल पोटॅशियम गमावतो, मुले त्याहून अधिक. ते फार उतरले की स्नायू लुळे पडतात, आतड्यांची हालचाल मंदावते व हृदयाचे ठोके विस्कळीत होतात. ते फार चढले तरी हृदय बंद पडू शकते. याहून फसवी गोष्ट अशी की रक्तात आम्ल साचलेले असताना पोटॅशियम पेशींतून बाहेर येते, त्यामुळे शरीरातील साठा रिकामा होत असतानाही रक्ततपासणीचा आकडा ठीक दिसतो, आणि सोडा देऊन आम्ल उतरवले की तोच आकडा झपाट्याने कोसळतो. केवळ मीठ व सोडा देऊन रोग्याचे सर्व नुकसान भरून निघत नाही, ते यामुळेच.

१९४०च्या दशकात अमेरिकेत बालरोगतज्ज्ञ डॅनियल डॅरो यांनी जुलाबाने खंगलेल्या अर्भकांना पोटॅशियम देण्याचे महत्त्व दाखवले. ज्योतीच्या रंगावरून क्षार मोजणारा फ्लेम फोटोमीटर आल्यावर, पूर्वी बराच वेळ खाणारी ही तपासणी रुग्णालयांच्या आवाक्यात आली. पुढे ढाक्यात लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम मीठ, ४ ग्रॅम खाण्याचा सोडा व १ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असे शिरेतून देण्याचे द्रावण रूढ झाले.

सोलापुरात १९६३ साली डॉ. वैशंपायन यांच्या स्मरणार्थ वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ते याच काळात. आज कोणत्याही अतिदक्षता विभागात पाळले जाणारे नियम पोटॅशियमविषयीच्या याच ज्ञानावर उभे आहेत: पोटॅशियमचे इंजेक्शन थेट शिरेत कधीही सोडायचे नाही, ते सलाइनमध्ये नीट मिसळून, सामान्यतः तासाला १० ते २० मिलिमोलांच्या मर्यादेत द्यायचे, लघवी होते आहे याची आधी खात्री करायची, आणि वेग वाढवावा लागला तर ईसीजीवर सतत नजर ठेवायची. मूत्रपिंड निकामी झालेल्या रोग्याबाबत प्रश्न उलटा होतो, कारण तेथे साठलेले पोटॅशियम बाहेर काढावे लागते. पोटॅशियमयुक्त शहाळ्याचे पाणी एरवी गुणकारी असले तरी अशा रोग्याला ते घातक ठरू शकते, हे घरच्या माणसांना स्पष्टपणे सांगणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

पोटॅशियमचा प्रश्न तोंडाने पाजायच्या द्रावणातही आला. १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगावच्या बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत सलाइन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि सोडा यांचे पाणी पाजून असंख्य प्राण वाचवले; त्या मिश्रणात पोटॅशियम नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे मान्य केलेल्या जलसंजीवनीच्या पुडीत लिटरमागे दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आले, आणि २००२ साली मीठ व ग्लुकोज दोन्ही कमी केले गेले तरी ते दीड ग्रॅम तसेच कायम ठेवण्यात आले.