फरशीतापन

फरशीखाली कोमट पाण्याच्या नळ्या किंवा विजेच्या तारा बसवून खोली उबदार ठेवण्याची पद्धत. जुन्या लाकडी घरात खाली थंड तळघर असेल, तर फरशी न उखडता नळ्या खालून तुळयांमध्ये बसवतात व ॲल्युमिनियमचे पत्रे लावून उष्णता पसरवतात. लाकूड उष्णतेचे मंदवाहक असल्याने काँक्रीटमधील नळ्यांपेक्षा येथे पाणी अधिक गरम लागते. नळ्यांखालचे उष्णतारोधन हा या कामाचा प्राण. ते नसल्यास ऊब तळघरात वाया जाते. फरशीचा पृष्ठभाग साधारण २९° सें.च्या वर जाऊ देत नाहीत.

ही पद्धत थंड हवामानासाठी आहे; पुण्याजवळच्या पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक भागांतील सौम्य हिवाळ्यात घरांना फरशीतापनाची गरज भासत नाही. तेथील कारखान्यांत प्रश्न उलटा आहे : उन्हात तापलेले पत्र्याचे छप्पर कामगारांवर उष्णता फेकते, म्हणून तेथे उष्णतारोधन फरशीऐवजी छपराला लागते.